पाठमोरी वर्दी

तीन घरं पलीकडे राहणाऱ्या माणसाला मी एकदा खरा पोलीस समजले. नुसती समजले असते तर निभावलं असतं. मी त्याला हात जोडले आणि वर भज्यांची दुसरी प्लेट दिली. माझ्या बावळटपणाचे किस्से पुष्कळ आहेत, पण सिनेमात गेलेला हा एकच.

तो माणूस म्हणजे आमचे बबनभाऊ, संगमनेरच्या एसटी स्टँडजवळचे लॉन्ड्रीवाले. गेल्या महिन्यात गेले. दुपारी शर्टाची बाही इस्त्री करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत... दहावा झाल्यावर माझ्या नातीने मोबाईलवर त्यांचा तो जुना सिनेमा शोधला आणि मी चष्मा पुसून बसले. हप्ते खाणाऱ्या हवालदाराची गोष्ट. आधी फुकटचा चहा, मग फुकटची भाजी, आणि असं करत करत हा गडी एका खुन्याला पाठीशी घालतो. गाणं नाही, हाणामारी नाही. आमच्या थिएटरात आठवडाभरही टिकला नव्हता. शेवटच्या खेळाला बहुतेक आमच्या गल्लीतलेच लोक होते. आता बघताना वाटलं, अरे, केवढा चांगला सिनेमा होता हा! अख्ख्या सिनेमात हवालदार एकदाही आवाज चढवत नाही.

भाऊंना नाटकाचं भारी वेड. गणपतीत त्यांचं काम ठरलेलं, आणि एरवी टांगलेल्या शर्टांशी संवाद म्हणायचे. अशाच एका नाटकात त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने त्यांना हवालदाराच्या कामासाठी हेरलं. स्टँडसमोर आमची भज्यांची गाडी होती. एक दिवस समोर टेम्पो उभा राहिला, त्यात कॅमेरा दडवलेला. हे फक्त आमच्या ह्यांना माहीत होतं. मला का सांगितलं नाही, तर म्हणे, "तू पदर सावरत कॅमेऱ्याकडंच बघत बसशील." तेही खरंच होतं म्हणा.

तर टोपी डोळ्यांवर ओढलेला, नकली मिशांत ओळखू न येणारा एक हवालदार आला, भजी खाल्ली, हात पुसले आणि निघाला. त्या काळी अख्खा स्टँड मला टरकून असतो, अशी माझी समजूत. मी झारा घेऊनच पुढे. "काय वो हवालदार, पैशे कोन देनार? तुमचा सासरा?" हवालदार वळला. टोपीखालून माझ्याकडे बघत राहिला. बोलला काहीच नाही... आणि ही स्टँडची वाघीण म्हणाली, "चुकलं साहेब, अजून घ्या ना." पडद्यावर माझे जोडलेले हात स्पष्ट दिसतात. झारासुद्धा हातातच आहे, म्हणजे नमस्कार झाऱ्यासकट!

दिग्दर्शक म्हणे टेम्पोतून उडी मारून नाचला. पुढे पुण्याहून माणसं आली, मोठ्या सिनेमात काम देतो म्हणाली. भाऊंनी नाही म्हटलं. गणपतीतलं नाटकही सोडलं. ज्या माणसाने उभा जन्म या बोलावण्याची वाट पाहिली, त्याने ते आल्यावर दार का लावावं? मला चैन पडेना. बायकोने अडवलं असेल, नाहीतर खऱ्या पोलिसांनी दम दिला असेल, असे नाना तर्क मी केले. विचारलं की म्हणायचे, "वहिनी, इस्त्री गार व्हतीय." बरं, त्या दिवशी डोळ्यांनी असं काय केलंत, ते तरी सांगा? तर, "भजी लई गरम व्हती."

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांतून सुटली नव्हती. पोलिसांचे कपडे त्यांच्याकडेच इस्त्रीला यायचे. त्या शूटिंगनंतर भाऊ खाकी शर्ट नेहमी पाठमोरा टांगायचे, बटणं भिंतीकडे.

परवा दुकानात गेले. त्यांची बायको मंदा आता दुकान बघते. मागच्या खिळ्याला एक खाकी शर्ट होता, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, "मंदा, आता तरी सांग गं. भाऊंनी नाटक का सोडलं? आणि त्या दिवशी मला अशी कसली नजर लावली होती?"

मंदाने इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "अक्का, कसली नजर न् कसलं काय. तुमी आरडला, आन् ते पुढचं बोलायचंच इसरले. गप हुबे ऱ्हायले, तर तुमी हात जोडले. त्या दिशी घरी येऊन जेवले न्हाईत. म्हनले, मंदे, मी काय बी केलं न्हाई गं, नुसता वर्दी घालून हुबा व्हतो. तेवढ्यानंच वहिनी भ्याल्या."