चार भोकांची प्लेट

गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओकडे जाणाऱ्या रस्त्यावर सहदेव मेस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि खुद्द सहदेव. माणूस कामाला पक्का, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी. टेम्पोचे मालक त्याच्याकडे एका खास कामासाठी येत. ड्रायव्हर गाडी फार पळवतो अशी तक्रार असली, की सहदेव ॲक्सिलरेटरची वायर आतून ढिली करून द्यायचा. पॅडल तळाला टेकलं तरी इंजिन अर्ध्यावरच राहायचं. ड्रायव्हरला काही सांगायचं नाही, हा या कामातला नियमच होता. बिचारा आठवडाभर इंजिनाला शिव्या घालायचा, मग त्याला सवय व्हायची. आपण बिनबोभाट किती जणांचे जीव वाचवले, असं सहदेवला मनातून वाटायचं आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

त्याचा मेव्हणा जयवंत सिनेमात हिरोच्या जागी बसून गाड्या उडवायचा. पडद्यावर तोंड दुसऱ्याचं, हाडं याची. मागच्या सिनेमात त्याला पन्नास मैलांनी ये म्हणाले होते. हा पठ्ठ्या पासष्टने आला आणि तीन बरगड्या मोडून दीड महिना बहिणीकडे झोपून राहिला. आई लवकर गेल्यामुळे या बहिणीने, सहदेवच्या बायकोने, जानकीनेच त्याला वाढवलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याला नवं काम मिळालं. कुणा अमेरिकन साहेबाने विकून टाकलेली एकोणसत्तरची शेवरले, आठ सिलिंडरची, दगडाच्या खाणीतल्या खड्ड्यावरून उडवायची होती. गाडी तयार करायला सहदेवकडे आली. सुरू केली की भिंतीवर टांगलेले पाने खुळखुळायचे. जयवंत तिच्यावर फिदा झाला. आरे कॉलनीतल्या सरळ रस्त्यावर त्याने ती ऐंशीपर्यंत नेली आणि हसत परत आला.

त्या दिवशी जानकी नवऱ्याला म्हणाली, "गाडी तुमच्या हातात आसा ना? मगे कायतरी करा. तो माझा ऐकाचो नाय."

सहदेव मान डोलावून गॅरेजात गेला. रद्दीतून आणलेलं एक अमेरिकन मासिक त्याच्याकडे पडलं होतं, अशाच दांडग्या गाड्यांच्या शर्यतींचं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या अंबादासला त्याने ते वाचायला लावलं.

"गोल ट्रॅकवर ताशी दोनशे मैलांनी पळतात रे या," अंबादास म्हणाला. "गेल्या वर्षी एक गाडी उडाली ती थेट प्रेक्षकांच्या कुंपणावर. म्हणून यंदापासून मोठ्या ट्रॅकवर नियम केलाय. कार्बोरेटरच्या खाली चार भोकांची प्लेट. हवा कमी, तर वेग कमी. सगळ्यांना सारखी आणि सगळ्यांसमोर बसवतात. ड्रायव्हर बोंबलतायत, पॅडल दाबलं तरी गाडी उठत नाही म्हणून."

ड्रायव्हर बोंबलणारच, सहदेवला त्यात नवल वाटलं नाही. सगळ्यांसमोर बसवतात, हे मात्र त्याने कानाआड केलं. दुसऱ्या सकाळी त्याने ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून प्लेट कापली, चार भोकं पाडली आणि कार्बोरेटरखाली बसवली. गाडी स्वतः एकट्याने चालवून बघितली. काटा पंचावन्नवर गेला आणि तिथेच थांबला. उडीला पन्नास लागणार होते. सहदेव खूश झाला. जयवंतला तो एका शब्दाने बोलला नाही.

शूटिंगच्या दिवशी तो खाणीवर गेला, तर गाडीत लोखंडी पिंजरा बसवलेला, उडताना नाक खाली जाऊ नये म्हणून मागे वाळूची पोती भरलेली. कॅमेऱ्याची चौकट चुकत होती म्हणून गाडी धावायची जागाही निम्मी केली होती. फाइट मास्तरांनी जयवंतला विचारलं, जमेल ना? जयवंतला ऐंशीने पळणारी आधीची गाडीच माहीत होती. तो म्हणाला, "झकास जमेल."

सहदेवने मनात हिशोब केला: वजन वाढलं, धावायला जागा निम्मी. तेव्हा पुढे होऊन दोन शब्द बोलायचे होते. पण एवढ्या लोकांसमोर काय सांगणार, की तुझ्या गाडीचा गळा मीच आवळलाय? पंचावन्न जाते, पन्नास तर जाईलच, असं त्याने स्वतःला समजावलं. एवढ्यात गाडी निघाली. आवाज वाढला, वेग वाढेना. चाळीसच्या आसपास ती उडीसाठी लावलेल्या चढत्या फळीवरून सुटली आणि खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर छातीने आपटून खाली गेली.

जयवंत वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. गाडीचा लगदा भंगारात निघून गेला. आत कुणी बघितलं नाही.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलातून त्याला बहिणीकडेच आणलं.  एकदा जानकी नळावर गेली असताना, छताकडे बघत तो म्हणाला, "भावोजी, माझ्याच पायान कच खाल्ल्यान. पॅडल पुरा दाबलंयच नाय. मी भियालंय."

सहदेवला ते ऐकवेना. रोज हेच उगाळत हा माणूस पडून राहणार होता. त्याने सगळं सांगितलं, प्लेट, भोकं, खाणीवर गप्प राहणं. सांगताना तो रडला.

जयवंतने छतावरची नजर त्याच्याकडे वळवली. "म्हणजे मी भियालंय नाय," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ताईन सांगितल्यान ना तुमका, कायतरी करा म्हणून?"

सहदेवने मान डोलावली.

"तिका सांगू नकात. कधीच."

जानकी बादली घेऊन आत आली. हात पुसून तिने पेजेची वाटी घेतली आणि भावाच्या उशाशी बसली. त्याला भरवताना आज तिचा राग वर आला. "इतक्या जोरान गाडी मारूक तुका कोणी सांगितल्यान होता रे? ह्यांनी किती काळजी घेतली तुझी."

"माझा चुकला, ताई," जयवंत म्हणाला, आणि सहदेवकडे न बघता त्याने पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.