ह्याचं आईबाप कोण?

अन्याय झाला तो जुईनगरच्या आमच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या मावशींवर. गेल्या नवरात्रात, पाचव्या माळेच्या संध्याकाळी, आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात. करणारे सगळे ओळखीचे, शिकलेले आणि नुकतेच देवीपुढे हात जोडून उठलेले होते. पोलिसात जाण्यासारखं काही घडलं नाही. म्हणूनच लिहून ठेवते आहे.

मावशींचं नाव देत नाही. तसंही ते इमारतीत कुणी घेत नसे. सगळे त्यांना 'आईबापवाल्या मावशी' म्हणत. दुकानात कुठलंही पाकीट हातात आलं की त्या आधी ते उलटं करायच्या, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ न्यायच्या आणि दुकानदाराला विचारायच्या, "ह्याचं आईबाप कोण?"

म्हणजे हे कशापासून केलंय, आणि ते जे काही आहे ते कुठल्या रानात उगवलं. नाक्यावरचा किराणावाला त्यांना चांगला ओळखून होता. एकदा म्हणाला, "मावशी, बिस्किटाचं लग्न जमवायचंय का?"

मावशींनी पुडा परत त्याच्या हातात दिला. "सून आणताना सात घरं इचारता. ह्ये तर पोटात घालायचंय."

तुमच्याही दुकानात असं कुणीतरी असेल, आठवून बघा. मागचे लोक उसासे टाकतात, आणि ती व्यक्ती मात्र शांतपणे बारीक अक्षरं वाचत उभी असते.

मावशी साताऱ्याकडच्या. यजमान मार्केटात माथाडी होते, पोती उचलायचे. त्यांच्या वेळी घरात आलेल्या प्रत्येक जिनसाबरोबर त्याचं गाव यायचं. हा गूळ अमक्या गावचा, ही ज्वारी तमक्या बाजूची. यजमान गेले आणि मग सामान नुसतंच यायला लागलं, त्याला गावच नव्हतं. मावशींना ते सहन होत नसे. एवढंच.

माझी त्यांची ओळख पत्रकामुळे झाली. आमचा गट स्टेशनबाहेर पत्रकं वाटतो. मागणी साधी आहे: जनुकात बदल केलेल्या पिकाचा अंश अन्नात असेल तर पाकिटावर तसं ठळक लिहा, लोकांच्या भाषेत लिहा. लोक पत्रक घेतात आणि त्यात वडापाव धरतात. मावशींनी मात्र वाचलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आल्या आणि दारातूनच विचारलं, "पत्रकवाली हितंच ऱ्हाती का?"

मी त्यांना समजावून सांगितलं. एका जिवातला गुण काढून दुसऱ्याच्या बियाण्यात घालतात. त्याला इंग्रजीत जीएम म्हणतात. मावशी पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, "म्हंजे लेकरू एकाचं, आन् आडनाव दुसऱ्याचं."

तेव्हापासून त्यांची खरेदी अवघड झाली. सगळंच त्यांना बरोबर कळलं होतं असंही नाही. बिनबियांची द्राक्षं त्यांनी त्याच आठवड्यात बंद केली. मी सांगितलं, मावशी, ती जीएम नाहीत, ती साधी कलमाची असतात. त्या म्हणाल्या, "मग बी कुटं गेलं?" फार पांढऱ्या फ्लॉवरवरही त्यांचा संशय होता. मी वाद घालायचे, त्या ऐकून घ्यायच्या आणि फ्लॉवर घ्यायच्या नाहीत.

नव्या किराणा मॉलमध्ये तर गंमतच झाली. मावशींनी तिथल्या गणवेशातल्या मुलीला विचारलं, ह्यात जीएम हाय का. मुलगी अदबीनं म्हणाली, "सॉरी मावशी, जीएम आज सुट्टीवर आहेत. काही कंप्लेंट आहे का?" मला हसू आवरेना. मावशी मॉलबाहेर येईपर्यंत गंभीर होत्या, मग रिक्षात बसल्यावर पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं.

आता कडाकण्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन थांबलं.

देशावर नवरात्रात घटावर फुलोरा बांधतात. त्यासाठी पुरीसारख्या, पण कडक, गोड कडाकण्या तळतात. लाटली की तळायच्या आधी प्रत्येकीला एक भोक पाडायचं, म्हणजे तिच्यातून दोरा ओवून देवीच्या डोक्यावर टांगता येते. आमच्या सोसायटीत कोकणातले, मुंबईतले, सगळीकडचे लोक. कडाकणी कुणाला ठाऊक नव्हती. मावशींनी ती आणली. बरीच वर्षं आमच्या मंडपातला फुलोरा त्यांच्या हातचा होता. बाकी वर्षभर लोक त्यांना हसायचे, पण आठव्या माळेला अध्यक्षसुद्धा वाकून विचारायचे, "मावशी, झाला का तुमचा फुलोरा?" एवढ्या मोठ्या इमारतीत त्यांची म्हणावी अशी जागा ती एकच होती. कढईपाशी, स्टुलावर बसून, झारा हातात.

गेल्या वर्षी तेलाला प्रायोजक मिळाला. एका व्यापाऱ्यानं डबे पाठवले आणि मंडपावर स्वतःचा फलक लावून घेतला. डब्यावर सूर्यफुलाचं मोठं चित्र होतं. चौथ्या माळेला मावशींनी सवयीनं डबा फिरवला आणि मला हाक मारली. पाठीमागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत तेलांची नावं होती. त्यातलं पहिलंच मी वाचून दाखवलं. कापसाच्या बियांचं तेल.

"म्हंजे सरकी," मावशी म्हणाल्या. "ही आमी म्हशीला घालायचो."

सरकी खाण्यात वाईट असं मी म्हणत नाही. पण आपल्या देशात जनुक बदललेलं पीक राजरोस पिकतं ते कापसाचंच, आणि त्याची सरकी तेल होऊन फरसाणात, डब्यात, तुमच्याआमच्या कढईत येते. शुद्ध केलेल्या तेलात त्या जनुकाचा अंश उरत नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. खरं असेल. मावशींचं म्हणणं त्याहून साधं होतं. देवीला घालायचं, तर ते कुणाचं आहे हे माहीत पाहिजे. सूर्यफुलाचं चित्र लावून सरकी देवीपुढे ठेवायची नाही.

त्यांनी अध्यक्षांना सांगितलं की पुऱ्याभाजी तुम्ही त्या तेलात करा, मी आडवी येत नाही. कडाकण्यांसाठी मी माझं घाण्याचं शेंगतेल आणते. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. ते म्हणाले, बघू. प्रायोजकाला कढईपाशी फोटो काढायचा आहे, त्यांचाच डबा दिसायला हवा.

'बघू' म्हणजे नाही, हे मावशींना समजलं. रात्रभर त्या विचार करत बसल्या असणार. सकाळी त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदाच स्वतः टाइप केलं, एका बोटानं. त्या ग्रुपवर रोज उजाडल्या उजाडल्या अध्यक्ष गुलाबाचं चित्र टाकतात. त्यावर मोठ्या अक्षरांत GM. खाली सगळ्यांचे GM, GM, GM. त्या रांगेच्या शेवटी मावशींचा मेसेज आला. GM ही अक्षरं त्यांनी आमच्या पत्रकावरून उतरवली होती.

"GM बंद करा. देवीच्या दारात तरी GM नको. लाज वाटली पाहिजे."

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. कुणी विचारलं, मावशी, मग GN चालेल का? कुणी हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची माळ लावली. अध्यक्षांनी लिहिलं की आपल्या साध्या शुभेच्छांचीही कुणाला अडचण होत असेल, तर यापुढे आपण मौन पाळू. लगेच दहा जणांनी त्यांची समजूत काढली. मावशी खाली चक्रावून फोनकडे बघत होत्या. मी खाली गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तेलाचं लिवलं तर ह्यांना फुलांवरनं राग का आला?"

मी त्यांना सांगितलं, त्या फुलांवरचं GM म्हणजे गुड मॉर्निंग. या वेळी त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी आरतीनंतर मंडपातच बैठक झाली. मावशींनी उठून सांगितलं की मी तुमच्या रामरामाला काही बोलले नाही, मी तेलाचं बोलले. एवढ्यावर गैरसमज मिटायला हवा होता. घडलं उलटंच. सकाळचा मेसेज वेडेपणा म्हणून सोडून देता आला असता. पण प्रायोजकाच्या डब्याला नाव ठेवणं हे कुणाला परवडणारं नव्हतं. मी बोलले. तावातावानं बोलले, सगळे मुद्दे मांडले. एक काका म्हणाले, "तूच त्यांच्या डोक्यात भरवतेस." मग अध्यक्ष उठले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "मावशींचं आता वय झालं. यंदा त्यांना विश्रांती देऊ या. कडाकण्या बाहेरून मागवू."

टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या. सत्कार केल्यासारख्या.

मावशी एवढंच म्हणाल्या, "मी कुटं दमले म्हनून सांगितलं?" ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. नंतर ग्रुप शांत राहावा म्हणून त्यांना ग्रुपमधूनही काढलं.

आठव्या माळेला बाहेरून कडाकण्या आल्या. पाकीटबंद. पाकीट फोडून बायका दोरा ओवायला बसल्या, तर भोकं नव्हती. सुईनं पाडायला गेल्या तर कडाकणी तुटायची. तासाभरात नुसता चुरा झाला. आरतीची वेळ झाली, प्रायोजक येऊन उभे राहिले. शेवटी कुणाला तरी सुचलं आणि त्यांनी उरलेली पाकिटंच टांगली. देवीच्या डोक्यावर चमकदार प्लास्टिक, त्यावर दुकानातल्या मशीनसाठी असतात त्या काळ्या रेघा. फोटो छान आले.

मावशी दर्शनाला आल्या. रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. वर पाहिलं, एक पाकीट हाताला लागेल एवढं खाली लोंबत होतं. त्यांचा हात उठला. मग त्यांनी तो कपाळाला लावला आणि घरी गेल्या.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना उलव्याला घेऊन गेला. जुईनगरची खोली भाड्यानं दिली. मी चैत्रात भेटायला गेले. उंच टॉवर, बाराव्या मजल्यावर घर, खिडकीबाहेर अगदी जवळून विमान उतरतं. सून भली आहे, नोकरी करते, सासूला काही कमी पडू देत नाही. सामान मोबाइलवरून येतं. बेल वाजते, कामवाली पिशवी घेते, ओट्यावर कात्रीनं पाकिटं कापते, डबे भरते आणि पाकिटं चुरगळून कचऱ्यात. सगळं दोनचार मिनिटांत. मावशी हॉलमध्ये खुर्चीवर बसून होत्या. तेवढ्या वेळात दारापाशी पोचण्याइतके गुडघे चालत नव्हते.

सुनेनं आमच्यापुढे चहा आणि चिवडा ठेवला. मी मुद्दाम विचारलं, मावशी, कुठल्या तेलातला हो चिवडा?

त्या बशीकडे बघत राहिल्या. "काय म्हाईत बाय," म्हणाल्या. "हाय चांगला. खा."

आणि त्यांनी खाल्ला. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील, निदान चष्मा तरी वर करतील. त्यांनी बशी संपवली, हात पुसले आणि उतरणाऱ्या विमानाकडे बघत बसल्या.

ज्येष्ठात त्या गेल्या. तेलानं गेल्या असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणारा खोटं बोलेल. वय होतं, हृदय थकलं होतं. उलव्याला मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, सून दारात उभी होती आणि लिफ्टमधून सामानाची पिशवी घेऊन एक माणूस बाहेर येत होता. नेहमीची ऑर्डर होती, रद्द करायची राहून गेली होती. तिनं ती घेतली आणि कुठं ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून उभी राहिली.

आता तुमचं. तुमच्याही घरी आज सामान येणार आहे. कात्री लावायच्या आधी पिशवी घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे नेऊन ठेवा. खुर्ची लांब असेल तर खुर्चीपर्यंत न्या. त्यांना हात लावू द्या, काय विचारायचं ते विचारू द्या. उत्तर येत नसेल तर हसू नका. पाकिटावर कंपनीचा नंबर असतो. तो फिरवा, आणि यात जनुक बदललेलं काय आहे ते सांगा असं स्पष्ट विचारा. उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.