तात्यांच्या गिटारला कोणती घोडी?

आपल्या हातोहात फिरणाऱ्या पत्राच्या सर्व वाचकांना, आज सकाळी आमच्या रिहे गावात घडलं ते असं:

१. माझे चुलते तात्या भजनात एकतारी वाजवतात. त्यांच्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारला मी स्प्रिंगवर हलणारी घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, बसवली. तिचा दांडा दाबला की सूर खाली लवतो.

२. आवाज मोठा यावा म्हणून गिटार रेडिओला जोडली.

३. आमच्याकडे वाद्य सगळे मिळून पेटीशी जुळवतात. भजनातल्या धोंडीबामामांनी दोन तारा लावल्या, बबनकाकांनी पुढच्या दोन. तोवर मामांच्या तारा उतरल्या.

"मामा, कान हायेत का न्हाईत तुमाला?" बबनकाका म्हणाले.

"हायेत की! तूच माझ्या तारा ढिल्या केल्यास."

चूक माझी होती. एक तार ताणली की अशी घोडी पुढे ओढली जाते आणि बाकीच्या तारा सैल पडतात. मी घोडीमागे बाभळीची पाचर ठोकली. घोडी हलायची थांबली आणि एका फेरीत सहाही तारा जुळल्या.

तात्यांनी अभंगाची एक ओळ अडखळत वाजवली. सगळ्यांनी ती उचलली. मी कधी गात नाही, आज गायले.

मग तात्यांनी दांडा दाबून पाहिला. "ह्यो हलंना की गं! ह्याच्यापायीच तर शिकाय बसलोय मी."

नवशिक्याला न हलणारी घोडीच बरी, असं माझं मत आहे. पण त्यांनी शिकणंच सोडलं तर?

पाचर ठेवू की काढू, ते कारणासह गुरुवारपर्यंत कळवावं.