तानुबाईचं बोट

तानुबाईला सलग मांडी घालून बसलेलं गावात फारसं कोणी पाहिलेलं नाही. जेवायलासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवूनच बसते, मधेच उठायला बरं म्हणून. पण यंदा दिवाळीनंतर तिचं जे चाललं होतं, ते कामाच्या बाईचं उठणं-बसणं नव्हतं. झाडलेलं अंगण ती परत झाडायची. भरलेला रांजण उपसून पुन्हा भरायची. कोंबडीनं नुसतं वळून बघितलं तरी तिच्यावर खेकसायची. आणि या सगळ्यात उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप दातांकडं निघायचं. मग ती त्या बोटाकडं अशी बघायची, की जणू ते शेजारणीचं वांड पोर आहे, आणि ते पदरात गुंडाळून ठेवायची.

तानुबाईनं मिसरी सोडली होती.

बोरीजवळच्या या गावात ती सून होऊन आली, तेव्हा पहिल्यांदा खुरपायला गेली त्या दिवशी सासूनं तिच्या तळहातावर एक काळी चिमूट ठेवली. तव्यावर जाळून कुटलेली तंबाखू. "लाव दाताला. दुपारपस्तोर भूक लागत न्हाई," सासू म्हणाली. खरंच लागली नाही. डोकं गरगरलं, ओकारी आली, पण भूक लागली नाही. मग ते रोजचंच झालं. कंबरेला डबी, डबीत बोट, बोट दाताला. रानात हात धुवायला पाणी कुठून आणणार? बोट शेजारच्या पानाला पुसायचं आणि पुढचं तण धरायचं. कापसाचं पान, तुरीचं पान, ज्वारीचं पान. अख्ख्या आयुष्यात एका पानानंही त्याबद्दल तक्रार केली नाही.

तक्रार आली ती तुतीच्या पानाची.

तिचा मुलगा बालाजी यानं कापूस मोडून तुती लावली आणि रेशीम अळ्यांसाठी शेड उभी केली, तेव्हा तानुबाई म्हणाली होती, "दाणे पिकवायचे सोडून किडे पाळायलाय. लोक काय म्हंतील?" पण पहिल्याच बॅचला ती शेडात गेली आणि तिथलीच झाली. मोठ्या झालेल्या अळ्या एकदम खायला लागल्या की वाळक्या पाचोळ्यावरून शेळ्यांचा कळप जावा तसा आवाज येतो. तानुबाई रॅकच्या कडेला उभी राहून तो ऐकायची. "आपल्यावानीच हाय ही जात," ती सुनेला म्हणायची, "बूड म्हणून टेकवत न्हाई." रोगट अळी वेचून काढणं, कोमेजलेला पाला बाजूला करणं, हे तिनं आपल्याकडं घेतलं. राजेश्री, तिची सून, पाथरीची. बारावी सायन्सपर्यंत शिकलेली. शेडाचं तापमान ती बघायची, अळ्यांचं रुसणं-फुगणं तानुबाई बघायची.

मागच्या बॅचला घात झाला. एका बाजूच्या रॅकवर अळ्यांनी मान वर उचलली, पुढचं अंग आखडून घेतलं, हिरवं पाणी ओकलं आणि त्या पाल्यावरून खाली पडल्या. बांधाला लागून दत्तरावचा कापूस होता आणि त्यानं नुकतंच फवारलं होतं. तानुबाई बांधावर गेली आणि दत्तरावच्या बापजाद्यांपर्यंत जाऊन आली. दत्तराव माळकरी माणूस. हातातला पंप खाली ठेवून तो ऐकत राहिला.

मग आदिनाथ आला. बालाजीला लहान अळ्या याच्याकडूनच मिळतात. त्यानं मेलेली अळी चिरून पाहिली, पाला उलटासुलटा केला, आणि एक पान उजेडात धरलं. पानावर बोटभर काळा फराटा होता. तसाच आणखी एका पानावर, मग आणखी एका.

"मिसरी कोण लावतंय?" त्यानं विचारलं.

तानुबाईचं बोट त्याच वेळी ओठापाशी होतं.

त्या दिवसापासून दत्तराव बांधावरून जाताना थांबून विचारतो, "काकू, आज वारा कुनीकडचा हाय? सांगून ठेवा. मी श्वास तिकडं सोडत न्हाई." तानुबाई खाली मान घालून तण उपटत राहते. तण नसलं तरी.

नवी बॅच आली तेव्हा बालाजी आईकडं न बघता म्हणाला, "ह्या बारीला तू शेडात यिऊ नको, आई."

"मी सोडली म्हणलं ना."

"सोडली आसशील. पर बोटाला ठाऊक हाय का ते?"

हात असून हाताला काम नाही, ही गत तिच्यावर आजवर आली नव्हती. घरातल्या सगळ्यांची पळापळ चालली आहे आणि आपण ओट्यावर, पाहुण्यासारखे. आणि त्यात मिसरी नाही. रात्रंदिवस अंगात कुणीतरी दळण दळतंय असं तिला वाटायचं.

राजेश्रीनं मग एक तोड काढली. शेडातल्या मूठभर अळ्या तिनं एका टोपलीत घालून घरात आणल्या. "ह्या तुमच्या, आत्या. पाला तुमीच टाकायचा, तुमच्या हातानं. शेडातल्या पिकायच्या, कोषाला यायच्या टायमाला ह्यापन पिकल्या, तर तुमी आत या. म्या ह्यांला सांगितलंय." ह्यांला म्हणजे बालाजीला. त्यानं होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता.

तानुबाई टोपलीशी बसली. उठली. परत बसली. "राजे, मला एक सांग," ती म्हणाली. "येवढ्याशा फराट्यानं अळी मरती, आन् मी जन्मभर लावून जित्ती. आसं कामून?"

राजेश्रीनं पाला निवडता निवडता सांगायला घेतलं. "अळीचं अंग काय, तुमचं काय, सगळं पेशींचं. आपल्या शेडला जाळी कामून लावलीय? वारा यावा, माशी येऊ ने. पेशीलापन तसंच पातळ आवरण आसतंय. काय आत घ्यायचं, काय न्हाई, ते ठरवतंय."

"आन् आत?"

"आत केंद्रक. कोनतं काम कसं करायचं ते समदं त्यात लिव्हलेलं. तंतुकणिका हायत, त्या साखर जाळून ताकद काढत्यात."

"मंजी चूल."

"चूलच. एकेका पेशीत लय चुली." राजेश्रीनं टोपलीतली एक अळी अलगद उचलली. "आदिनाथनं अळी चिरली तवा आत वळ्यावळ्याची नळी दिसली होती, ध्यानात हाय?"

"काचंवानी."

"तितं रेशीम बनतंय. त्या नळीच्या पेशी अळी अंड्यातून निघताना जितक्या, शेवटपस्तोर तितक्याच. एक वाढत न्हाई. त्याच फुगत जात्यात. रेशमाचा हुकूम एका जागंवरून पुरंना, म्हनून केंद्रकालाच आतल्या आत फांद्या फुटत्यात, झाडावानी."

"मानूस वाढवायचं न्हाई, काम वाढवायचं," तानुबाई म्हणाली. "आपल्या घरावानीच हाय की."

राजेश्री हसली. मग म्हणाली, "आता तुमची मिसरी. निरोप पोचवायच्या पेशी येगळ्या. एकीचं टोक दुसरीला लागलेलं नसतंय, मधी फट आसती. निरोप द्यायचा तर ही पेशी फटीत एक रस सोडती. पलीकडल्या पेशीवर कुलपं हायत. रस कुलपात बसला की दार उघडतंय. काम झालं की रस लगेच मोडून टाकायचा, दार बंद. तंबाखूतलं निकोटीन नेमकं त्याच कुलपात बसतंय, आन् झटदिशी मोडत न्हाई. मग दार उघडंच. अळीच्या अंगाला नुसता हुकूमावर हुकूम. आखड, आखड, आखड."

"माझं आंग न्हाई आखडलं कधी."

"तुमी केवढ्या, ती केवढी. आन् तुमचं यकृत ते हळूहळू मोडून बाहेर टाकतंय. पर कुलूप तसलंच हाय. रोजच्या रोज तंबाखू यायली म्हनून तुमच्या मेंदूतल्या पेशींनी जास्तीची कुलपं करून ठेवली. आता चावीच येईना. समदी कुलपं रिकामी, आन् बोंबलायलीत."

तानुबाईनं बोटाकडं पाहिलं. "मंजी मला नको हाय. त्यांला पायजे."

"त्या आन् तुमी येगळ्या हाव का, आत्या?"

"कदी गप बसत्यात?"

"बसत्यात म्हने. सावकाश."

तानुबाई उठली आणि झाडलेलं अंगण झाडायला लागली.

टोपलीनं तिला आणखी अस्वस्थ केलं. चुलीवरचं सोडून ती बघायला यायची. अळ्यांची शेवटची झोप आली, म्हणजे कात टाकण्याआधी त्या खाणं थांबवून मान वर धरून निपचित राहतात ती, तेव्हा तानुबाईचं काळीजच हललं. ही झोप तिनं किती वेळा पाहिली होती. तरी या वेळी वर उचललेली मान बघून तिला मागच्या बॅचची मान आठवली. तिनं बोट नाकाशी नेऊन हुंगलं, साबणानं धुतलं, परत हुंगलं. अळ्यांनी कात टाकून पानाला तोंड लावलं, तेव्हा कुठं तिच्या घशाखाली भाकरी उतरली.

त्याच सुमारास गीताबाईच्या नातीचं बारसं आलं. गीताबाई तिच्या खुरपणीतली जुनी जोडीदारीण. एका डबीतनं दोघींनी लावलेली.

"आलीस का, तापसे?" गीताबाईनं दारातच टोमणा मारला. "आज तरी लावतीस का, का आता डोंगरावर जानार?"

"लावायची न्हाई मला."

"आगं एक बोट. कोनाला कळायलंय?"

"अळीला कळतंय," तानुबाई म्हणाली, आणि बाया खो खो हसल्या.

पाळणा म्हणून झाला. घुगऱ्या वाटल्या. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या जावयाचं बोलणं निघालं, आणि डबी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली. तानुबाई बोलण्यात होती. डबी आली, पुढं गेली. मग तिच्या ध्यानात आलं की तोंडात ती चव आहे.

जीव कसा निवांत झाला. दळण थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मांडी घालून बसावंसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली. चूळ भरायलाही न थांबता ती घरी आली.

घरात कोणी नव्हतं. बालाजी न् राजेश्री तुतीत फांद्या कापायला गेलेली. टोपलीत झोपेतून उठलेल्या अळ्यांनी सगळा पाला संपवून देठं तेवढी ठेवली होती आणि रिकाम्या टोपलीत डोकी हलवत फिरत होत्या. निवडलेला पाला ओल्या फडक्याखाली तयार होता. हात तेवढा लांब करायचा होता.

तिनं राखेनं हात घासले. साबणानं धुतले. नखाखाली काडी घातली. बोट हुंगलं. वास येत होता की येत नव्हता, तिला ठरवता येईना. तिचा तिच्या नाकावरच विश्वास उरला नव्हता. तिनं फडकं उचललं, आणि परत ठेवलं.

मग ती परसातून बांधाकडं निघाली.

दत्तराव झाडाखाली भाकर सोडत होता. "काय काकू," तो म्हणाला, "आज वारा—"

"दत्तू, आज फवारलंस का?"

"न्हाई. कापूस येचायलाय आता. फवारू कशाला?"

"तंबाखू?"

"ही माळ बघा की गळ्यातली."

"मग चल घरी. माझ्या अळ्यांला पाला टाक."

दत्तरावनं भाकरीचा तुकडा हातातच धरला. "मी? माझ्यानंच मेल्या होत्या ना त्या?"

"माझ्यानं मेल्या होत्या," तानुबाई म्हणाली. "आन् आजबी लावली मी. बारशात. हात न्हाई घालवत मला टोपलीत."

दत्तरावनं तिच्याकडं बघितलं. भाकर फडक्यात बांधली, हात धुतले, आणि तिच्यामागं आला. टोपलीवर तो इतका वाकून पाला ठेवू लागला, जणू देवाला फुलं वाहतोय. तानुबाई उंबऱ्याशी उभी राहून सांगत होती. "आसा नको, देठ खाली. गर्दी करू नको एका जागी. आरं, सावकाश." अळ्या खायला लागल्या, तो बारीक आवाज आला, तेव्हा दत्तराव म्हणाला, "लय भुकेल्या व्हत्या, काकू." एवढंच. जाताना वाऱ्याचं काही बोलला नाही.

संध्याकाळी राजेश्रीनं काही विचारायच्या आधीच तानुबाईनं सगळं सांगितलं. बालाजी दारात बसून पायाचा चिखल खरवडत होता. तो म्हणाला, "मग टोपलीचं काय खरं ऱ्हायलं?"

"न्हाई ऱ्हायलं. घेऊन जावा ती शेडात."

"उद्याचा पाला कोन टाकनार मग?" राजेश्रीनं विचारलं, पण ते तानुबाईला नाही, बालाजीला. त्यानं चिखल खरवडायचं थांबवलं नाही. टोपली तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाईनं चार पानं टाकली, आणि त्या पानांवरच्या चारदोन अळ्यांकडं दुपारपर्यंत बघत राहिली. मग बाकीची टाकली.

शेडातल्या अळ्या पिकायला लागल्या आणि सगळ्या एकदमच लागल्या. पिकलेली अळी खाणं सोडते, पिवळसर पारदर्शक दिसते, मान उचलून जागा शोधत फिरते. तिला वेळेवर वेचून चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर सोडावं लागतं. नाहीतर ती मिळेल त्या काटकीवर रेशीम सांडत जाते. बालाजी, राजेश्री आणि बोलावलेल्या बाया, सगळ्यांचे हात कमी पडायला लागले. घरात टोपलीतल्याही अळ्या पिवळ्या पडून कडेवर चढत होत्या. तानुबाई ओटा ते शेड, शेड ते ओटा अशा खेपा घालत होती. शेडाच्या दारापर्यंत यायची, आणि जाळीला हात न लावता परत फिरायची.

अशाच एका खेपेला आतून जाळीचं दार उघडलं. बालाजी उभा होता, घामानं डबडबलेला. त्यानं आईच्या कंबरेकडं पाहिलं. डबी नव्हती.

"आज?" त्यानं विचारलं.

"न्हाई लावली."

"काल?"

"बारशानंतर न्हाई. उद्याचं मी सांगत न्हाई, बाला. उद्या लावली तर उद्या सांगीन."

बालाजीनं बाजूला होऊन वाट दिली आणि कडेला ठेवलेली रिकामी चंद्रिका तिच्या हातात दिली.

ती आत गेली. पाय तसेच, एका जागी न ठरणारे. या रॅकवरून त्या रॅकवर. तिनं एक पिवळी झालेली अळी पानावरून उचलून बोटावर घेतली. तेवढ्यात ते बोट, जुन्या सवयीनं, वर उचललं गेलं.

अर्ध्या वाटेत तिला बोटावरचा गारवा जाणवला. अळी मान डावीउजवीकडं फिरवत होती, विणायला जागा शोधत. तानुबाईनं बोट तसंच वळवून जाळीशी नेलं, अळी उतरेपर्यंत धरून ठेवलं, आणि दुसरी उचलली.