खांद्यावरची मोकळी जागा

साठी जवळ आली तरी कारखान्यात तिला सगळे धाकटीच म्हणत. कामाला लागली तेव्हा थोरली बहीण बरोबर होती. दोघींना दोन हाका मारण्यापेक्षा थोरली-धाकटी म्हणणं सोपं पडलं, तेच चिकटलं. थोरली काम सोडून परगावी गेली त्याला दहाबारा वर्षं झाली होती. धाकटी मात्र धाकटीच राहिली. थोरली कुठंय हे नवी माणसं विचारत नसत आणि जुनी विचारायची थांबली होती.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. बागेत पोरं ज्यांच्यावर बसून गोल फिरतात ते चक्रावरचे प्राणी तिथं बनत. जाड फळीतून प्राणी कापायचा, कडा मारायच्या, पॉलिशपेपरनं घासायचा, अस्तर द्यायचं, वाळलं की पुन्हा घासायचा आणि मग रंग. घासण्यात अंगचोरपणा केला तर पहिल्याच उन्हाळ्यात रंग पापडासारखा सुटतो. घोडा, हत्ती, हरीण यांना कारखान्यात ‘शुद्ध’ म्हणत. वाघाचं तोंड आणि माशाची शेपटी, बोकडाची शिंगं आणि मगरीचं अंग, असलं जे कुठल्याच जंगलात सापडायचं नाही, ती ‘भेसळ’. गिऱ्हाईक सांगे, चार शुद्ध द्या, चार भेसळ. शुद्ध असो की भेसळ, पंख धाकटीनं काढायचे हे ठरलेलं.

पिसं कोणीही काढतं. पंख काढायचा तर आधी हाड. खांद्यातून वर जाणारं, मग कोपर, मग मनगट, आणि मनगटापासून पुढं लांब पिसं. हत्तीला कबुतराचे पंख लावले तर तो केविलवाणा दिसतो. त्याचा पंख मुळाशी जाड आणि रुंद हवा. कासवाच्या बाबतीत कवचाची फट धरून बाहेर यावं लागतं, नाहीतर पंख पाठीवर ठेवलेल्या सुपासारखा दिसतो. भेसळीला कातडी पंख चांगला, वटवाघळासारखा, बोटाबोटांत ताणलेला.

"हा उठेल असं वाटलं पाहिजे," धाकटी म्हणायची, "पण कष्टानं उठेल असं वाटलं पाहिजे. फुकट उडणारं जनावर मला बघवत नाही."

ती पंखच का काढायची, याचं कारण साधं होतं. लहानपणी घरात पेन्सिल एक. कागद म्हणजे सामानाच्या पुड्या उलगडून आईनं हातानं सपाट केलेले. पेन्सिल आधी थोरलीकडे जायची, थोरली म्हणून. ती डावखुरी. डाव्या हातानं सरसर कुत्रा काढायची, घोडा काढायची, मग पेन्सिल धाकटीकडे यायची. तोवर जनावर पुरं झालेलं. पाय, शेपटी, कान सगळं जागच्या जागी. आता काढायचं काय? उरले ते पंख. धाकटीनं मांजराला काढले, म्हशीला काढले, एकदा आत्याच्या चित्रालासुद्धा काढले. आत्या म्हणाली, "बरं झालं, आता तिकिटाचा खर्च वाचेल."

धाकटीचा हात जड. थोरलीनं काढलेल्या केसांवर ती पेन्सिल दाबून चालवी आणि पुडीचा कागद टरकन फाटे. एकदोन रट्टे देऊन झाल्यावर थोरलीनं तोडगा काढला. जनावराचं सगळं अंग भरायचं, फक्त खांद्यावर तळहाताएवढी जागा कोरी ठेवायची. "तुझा पंख इथून काढ. बाहेर गेलीस तर बघ."

कारखान्यातही तेच चाललं. थोरली फळीवर प्राणी आखायची, सुतारकाका कापायचे, घासून आला की थोरली त्याचं तोंड, आयाळ, कातडी रंगवायची आणि खांदा कोरा ठेवायची. त्या कोऱ्या जागेतून धाकटीचा पंख निघायचा. खाली रंगाचा थर नसल्यामुळे तो वर चिकटवल्यासारखा न दिसता अंगातून उगवल्यासारखा दिसायचा. दोघी एकाच बाकावर कामाला बसत, थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे. उलट बसल्या की कोपराला कोपर लागून रेघ जायची. बोलणं फारसं नसे. "वाळलं?" "वाळतंय." एवढ्यावर दुपार जाई.

मोडलं ते एका गिऱ्हाइकामुळे. तो माल बघायला आला, प्राण्यांभोवती फिरला आणि म्हणाला, "वा! पंख कुणाचे?" मालकांनी धाकटीकडे बोट दाखवलं. गिऱ्हाईक तिच्याशी बोलून, तिचं कौतुक करून निघून गेला. शेजारी बसलेल्या बाईनं काही केलंय का, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

डबा खाताना धाकटीनं मस्करी केली. मस्करीच होती ती. "बघितलंस ना ताई? माझ्या पंखांवर तुझी जनावरं खपतात."

थोरलीनं घास खाली ठेवला. "पंखाला अंग लागतं," ती म्हणाली. "अंगाला पंख लागत नाही."

"मग काढ की एकटी."

"काढते."

सुतारकाकांना वाटलं, बहिणी-बहिणींचं भांडण, हात वाळायच्या आत मिटेल. महिना संपला तशी थोरली परगावच्या एका कारखान्यात लागली. आई गेली तेव्हा दोघी भेटल्या. आईची भांडी कुणी न्यायची, एवढंच बोलणं झालं. तू ने, तूच ने, असं म्हणत दोघींनीही नेली नाहीत.

त्यानंतर कारखान्यात प्राणी रंगवायला बरेच जण येऊन गेले. धाकटी प्रत्येकाला सांगायची, खांदा मोकळा ठेव. ते मान हलवायचे आणि ठिपक्यांनी, पट्ट्यांनी अंग भरून टाकायचे. कोरी जागा दिसली की त्यांना काम अर्धं राहिल्यासारखं वाटे. मग ती पॉलिशपेपर घेऊन वाळलेला रंग खरवडायची. खरवडलेल्या जागेचा पंख कोऱ्या जागेच्या पंखासारखा होत नाही. गिऱ्हाइकाला कळत नसे. तिला कळे.

एकदा तिनं स्वतः जनावर काढून बघितलं. सगळे गेल्यावर फळी घेतली आणि घोडा आखला. सकाळी सुतारकाकांनी तो पाहिला.

"हे काय? तक्क्याला पाय फुटलेत?"

"घोडा आहे."

"असेल बाई. आजारी असेल."

ती हसली. फळी तिनं उलटी करून भिंतीला लावली. पंख कितीही चांगला आला तरी तो लावायला आपल्याकडे जनावर नाही, हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं. पुढं बाकाची डावी बाजू रिकामी बघवेना म्हणून तिनं तिथं रंगाचे डबे मांडले.

मग एक दिवस परगावच्या बागेतला ट्रक आला. आठ जुने प्राणी उतरवले, रंग उडालेले. मालक म्हणाले, "डागडुजी करायची आहे. बघून घे."

पहिल्याच घोड्याशी धाकटी थांबली. आयाळीच्या केसांच्या रेघा उलट्या झुकलेल्या होत्या. डाव्या हाताच्या. तिनं घोड्याच्या खांद्यावरची धूळ पुसली. तिथं तळहाताएवढी जागा कोरी होती. अस्तर तेवढं दिलेलं आणि छान घासलेलं, वर रंगाचा ठिपका नाही. ती पुढच्या प्राण्याकडे गेली. मग त्याच्या पुढच्या. उंट, मगरीचं अंग असलेला बोकड, हत्ती. सगळ्यांचे खांदे कोरे.

ट्रकवाला तंबाखू मळत उभा होता. तिनं विचारलं, "हे कुणी रंगवलेत?"

"आमच्या तिकडंच झालेत. तो कारखाना बंद पडला. रंगवणारी बाई आता बागेत तिकीटखिडकीवर बसते."

"मग ही जागा का सोडली?"

"सगळे विचारतात हो. पोरं तर रोज विचारतात. आमच्या मालकांनीही एकदा म्हटलं, भरून टाका की तेवढं. तर म्हणाली, ते माझं काम नाही." ट्रकवाल्यानं तंबाखू तोंडात टाकली. "जरा तिरसट आहे. पण इथला पत्ता तिनंच दिला. म्हणाली, द्यायचे तर तिथं द्या, नाहीतर राहू द्या तसेच."

धाकटी पॉलिशपेपर शोधायला म्हणून आत गेली आणि पुढ्यात पडलेला पॉलिशपेपर तिला बराच वेळ सापडेना.

थोरलीनं आपल्यासाठी जागा ठेवली होती की हाताची सवय सुटत नव्हती? घासताना तिच्या मनात हेच घोळत होतं. सवय असेल तर तिला अर्थ नाही. आणि जागा ठेवली असेल, तर मग त्या खिडकीत बसून ती रोज आपल्या जनावरांना बिनपंखांचं गोल फिरताना बघत होती, आणि इकडे आपण डबे मांडून बसलो होतो. इतकी वर्षं दोघींनाही एक एसटी पकडता आली नाही.

तिनं पंख काढायला घेतले. घाई केली नाही. घोड्याला लांब, मागं ओढलेला. उंटाचा पंख वशिंडाच्या पुढून वर नेला. बोकडाला कातडी, हत्तीला जाड मुळाचा. खडूनं आखायची, दोन पावलं मागं जाऊन बघायची, पुसायची, पुन्हा आखायची. मालकांनी एकदा सुनावलं, "आठ पंखांना एवढा वेळ? म्हातारी झालीस."

"झाले. तुम्ही दुसरा कुणी बघा."

मालक आल्या पावली परत गेले. दुसरं कुणी नव्हतं.

सात झाले. शेवटचं हरीण राहिलं. तिनं खडू कोऱ्या जागेवर ठेवला आणि तसाच उचलला. खांदा खाली आला होता. बोटभर. हरीण अंगानं हलकं, त्याच्या पंखाचं मूळ पाठीच्या रेघेला धरून हवं. इथून काढला तर ते पोटानं उडेल. थोरलीचा खांदा कधी चुकत नसे. डोळे गेले असतील, किंवा हात थकला असेल.

बोटभराचं काय, ते सावरता येण्यासारखं होतं. हाडाला थोडा बाक दिला असता, वर दोन पिसं जास्त टाकली असती की कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं अशा शंभर चुका झाकल्या होत्या. हीही झाकली की ट्रक भरेल, आठ प्राणी जातील, थोरली खिडकीतून बघेल, बरे झालेत म्हणेल आणि तिकिटं फाडत बसेल. काम संपेल. मग पुन्हा काही यायचं नाही.

ट्रकवाला आला तेव्हा तिनं सात प्राणी दिले.

"आणि हरीण?"

"हरीण राहील. त्या बाईला सांगा, खांदा चुकलाय."

"आँ?"

"असंच सांगा. हरणाचा खांदा बोटभर खाली आलाय, म्हणून पंख काढला नाही. ज्यानं चुकवलाय त्यानं येऊन नीट करावा. दुसऱ्याच्या अंगाला मी हात लावत नाही. ते माझं काम नाही."

सुतारकाका मागं उभे राहून हरणाकडे टक लावून बघत होते. "मला तर बरोबर दिसतोय."

"तुम्ही फळ्या बघा."

"अगं, पण एवढ्यासाठी..."

"काका, फळ्या बघा म्हटलं ना."

काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते फळ्या बघायला गेले.

ट्रक गेला. हरीण बाकासमोर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. धाकटी दुसरी कामं करी, मधेच मान वर करून त्याच्याकडे बघे. फाटकाशी गाडी थांबली की तिचा ब्रश हवेत राही. दुधवाला असे. लाकडाचा ट्रक असे. मालक विचारत, "त्या हरणाचं काय करणार आहेस?" ती म्हणे, "वाळतंय." त्यावर ओला रंग कुठंच नव्हता.

ट्रकवाला पुन्हा आला तो एका भेसळीचा मोडलेला पाय घेऊन. सुतारकाकांकडे पाय देऊन तो बाकापाशी आला.

"तुमचा निरोप दिला."

"मग?"

"म्हणाली, खांदा बरोबर आहे. तुमची नजर चुकतेय म्हणाली."

धाकटीचे ओठ हलले. "आणखी?"

"आणखी काही नाही. तिकिटं फाडत होती. मी निघालो तर मागून हाक मारली. म्हणाली, तिच्या डाव्या बाजूला कोण बसतं आता?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय सांगणार? जे बघितलं ते सांगितलं. म्हटलं, डबे बसतात."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. खिडकी लावून घेतली. पुढं गिऱ्हाईक उभं होतं, तरी."

ट्रकवाला पाण्याच्या माठाकडे गेला. धाकटी उठली. तिनं बाकाच्या डाव्या बाजूचे डबे एकेक करून खाली घेतले. वर्षानुवर्षांचे गोल डाग लाकडावर उमटले होते, निळे, पिवळे, एकात एक. तिनं पॉलिशपेपर घेतला आणि ती जागा घासायला लागली. डाग जुने होते. जोर लावावा लागत होता. मधेच तिनं फाटकाकडे बघितलं. फाटकात कोणी नव्हतं. तिनं पुन्हा मान खाली घातली आणि कोरं लाकूड वर येईपर्यंत घासत राहिली.