घड्याळजीची नवी जानमाज

माझा भाऊ घड्याळजी. दुकानात भिंतभर घड्याळं, आणि एकाचाही काटा मिनिटभर मागे नाही. नमाजाला मात्र साहेबांना वेळ सापडत नाही. शुक्रवारी तेवढा जातो, तोही धावतपळत.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा त्याने ठरवलं, हिला त्या खासगी इस्लामी शाळेतच घालायचं. गणित, इंग्रजी चांगलं, वर दीन आणि अदब, म्हणजे धर्माचं शिक्षण आणि रीतभात. "आपल्याला जमलं नाही, तिला तरी जमू दे," म्हणाला. तेवढं खरं बोलला. पण शाळेची रीत अशी, की प्रवेशाआधी मोठ्या बाई घरी येतात, घरचं वळण बघतात. झालं, घड्याळजीचं डोकं फिरलं.

अम्मीची जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, गुडघ्यांच्या जागी पार झिजलेली. ती त्याने पलंगाखाली कोंबली आणि मखमली नवी आणली. मग मला फोन केला, "अम्मीला दोन दिवस तुझ्याकडे ठेव. ती बोलायला बसली की काही झाकून ठेवत नाही." मी नाही म्हणायला हवं होतं. "पाठव," म्हणाले आणि वर हसलेही.

पुढचं भाभीने सांगितलं. बाई आल्या, चहा झाला, दुपार कलली. "असरच्या नमाजाची वेळ झाली, इथेच पढते," म्हणत त्या उठल्या आणि मखमलीपाशी थबकल्या. भावाने ती खिडकीकडे तोंड करून अंथरली होती, उजेडात उठून दिसते म्हणून.

"किब्ला इकडे आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. नमाजाला तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला लागतं.

पोरगीच म्हणाली, "नाही, दादी कपाटाकडे तोंड करते. मला कुराणातले सूरे पण तीच शिकवते. तुम्ही येणार म्हणून अब्बांनी तिला फूफीकडे पाठवलं."

बाईंनी स्वतःच चटई वळवली आणि नमाज पढली. जाताना एवढंच म्हणाल्या, "मुलीला वळण आहे, प्रवेश दिला समजा. पहिल्या दिवशी दादींना सोबत आणा. मला त्यांना भेटायचंय." भावाला मान वर करायची सोय राहिली नाही.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला, स्वतःच्या चपलांकडे बघत. अम्मी मगरिबची नमाज आटोपून दुआ मागत होती. कोणासाठी, ते सांगायला नको. तिने तोंडावरून हात फिरवले.

"मिळाला का पोरीला प्रवेश?"

"मिळाला."

"अल्लाहचा शुक्र." तिने चष्मा, औषधांची डबी पिशवीत भरली आणि मधेच थांबली. "मग मी येऊ ना आता घरी? का बाई परत येणार आहेत?"

भाऊ तिच्या पायाशी बसला. तिने नमाज पढलेली चादर मी खाली वाकून उचलली. विटकी, कडेला उसवलेली, मीच तिला काढून दिलेली. चांगली होती कपाटात, पाहुण्यांसाठी.