डाव्या डोळ्याचे पाच तास

माझा थोरला भाऊ हरायला लागला की कारणं काढायचा, आणि मी ती सगळ्यांसमोर साभिनय करून दाखवायचो. गिरगावातल्या आमच्या चाळीत कॅरमच्या फायनलला निम्मी गर्दी खेळ बघायला यायची आणि उरलेली आम्हा दोघांना. पावडर ओली आहे, बल्ब डोळ्यांवर येतोय, स्ट्रायकर हलका आहे... साठी जवळ आली तरी दादाचा साठा संपत नव्हता.

गेल्या वर्षी एका रविवारी, दुपारी दोनला, राणी घ्यायची असताना त्याचा हात थांबला.

"अरे, डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं."

"दुखतंय?"

"नाही रे. नुसता काळोख."

"रडीचा डाव!" मी ओरडलो आणि एक डोळा मिटून, भिंत चाचपडत त्याची अख्खी नक्कल केली. गॅलरी हसून लोळली. तोही हसला. एका डोळ्यानं आणखी दोन बोर्ड खेळला, हरला, वर वडेही खाल्ले. सात वाजता मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अजून दिसत नाहीये रे."

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. "आत्ताच. टॅक्सीत बसताना."

मला वाचवत होता, गाढव! "दोनपासून," मी म्हणालो. बाईंचं पेन थांबलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली होती. दुखत नाही म्हणून माणसं थांबतात, बाई म्हणाल्या, आणि रक्ताविना पडदा काही तासांतच मरतो.

"रक्त पुन्हा सुरू होईपर्यंत पडद्याला जगवून धरणारं एखादं औषध?" मी विचारलं.

"शोध चालू आहे. प्रयोगशाळेत उंदरांना काहींचा गुण येतो. माणसाला देण्याजोगं खात्रीचं अजून काही नाही."

"उंदरांची चैन आहे," दादा म्हणाला. वाक्य फर्मास होतं. मला हसता आलं नाही.

त्यांनी डोळा दाबून पाहिला, थेंब घातले, हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या. तपासण्या उजव्या डोळ्यासाठी, हृदयातून गुठळी येऊन तोही जाऊ नये म्हणून. डाव्याला त्यानंतर फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळतं.

इस्पितळाचा जिना उतरताना दादाचा पायरीचा अंदाज चुकला. त्यानं माझा खांदा धरला. एरवी मी काहीतरी पाचकळ बोललो असतो. त्या दिवशी पायऱ्या मोजत उतरलो, मोठ्यानं, त्याला ऐकू जातील अशा.